मायनर कशात: न्यूरोसायन्स की संख्याशास्त्र?

भाची अमेरिकेत बायोलॉजीत मेजर (पदवीचा मुख्य विषय) करतेय, मायनरपाशी (सोबतचा दुय्यम विषय) अडलीय. दोन्हींना साधारण पाच-सहा कोर्स लागतात. न्यूरोसायन्सचे काही कोर्स मेजरमध्येही धरले जाऊ शकतात, म्हणजे फी आणि वेळ वाचेल. सल्लागाराला आधी विचारून घ्यावं. संख्याशास्त्राचे कोर्स बहुतेक नव्यानेच घ्यावे लागतील.

पण झुरळाच्या पायात दोन टाचण्या खुपसून चेतापेशींच्या विद्युतसंकेतांचा तडतडाट स्पीकरवर ऐकला, की चेतापेशीत असा संकेत कसा उठतो हे सांगणारी हॉजकिन-हक्सली या शास्त्रज्ञांची १९५२ची समीकरणं जिवंत होतात! ते पुस्तकातून मिळत नाही. मात्र तोच तडतडाट मोजायला संख्याशास्त्रच लागतं, आणि ते कुठल्याही क्षेत्रात कामी येतं.

मेडिकलच्या प्रवेशाला मायनरची अट नसते, त्यासाठी जीव आटवू नये. मेंदूवर पीएचडी करायची असेल, प्रयोगशाळेत हात घालायला मिळत असेल, तर न्यूरोसायन्स. पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल, तर संख्याशास्त्र.