मागच्या अंगणात कोर्ट: काँक्रीट, टाइल्स, टर्फ की नुसता मुरूम?

रो-हाऊसच्या मागे वीस फूट रुंद, पंधरा-सोळा फूट खोल जागा मोकळी असली की घरात कोर्टाचा विषय निघतोच. पोरांना बास्केटबॉल हवा असतो, मोठ्यांना बॅडमिंटन, आणि मिस्त्री सांगतो, "साहेब, सरळ कोबा करून टाकू." त्याआधी टेप काढा. बॅडमिंटनचं पूर्ण कोर्ट 13.40 बाय 6.10 मीटर, म्हणजे 44 बाय 20 फूट. पिकलबॉलचंही (टेनिससारखाच, छोट्या कोर्टावरचा खेळ) तेवढंच. ते इथे बसणार नाही, नाद सोडा. बास्केटबॉलची रिंग 3.05 मीटर उंचीवर आणि फ्री थ्रोची रेघ बोर्डापासून 4.6 मीटरवर असते, तेव्हा वीस फुटांच्या अंगात हे जमतं. फक्त बोर्ड शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीवर ठोकू नका, स्वतंत्र खांब रोवा. टेनिस बॉलवर बॅटिंगचा सराव जाळी लावून होतो, आणि शटल नुसतं इकडून तिकडे मारायला नेटचीसुद्धा गरज नाही.

खेळ ठरला की खालची जमीन बघायची. ठेकेदार रंगांचा कॅटलॉग आधी उघडतो, पण आपल्याकडे कोर्टाचा निकाल जमिनीतच लागतो. परभणी, नांदेड, लातूरकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट चार इंच काँक्रीट ओतलं तर ते तडकणारच, सिमेंट कितीही चांगलं वापरा. संभाजीनगरात डोंगराच्या कडेच्या वसाहतींत पुष्कळदा हातभर खणलं की मुरूम लागतो, तिथे निम्मं काम निसर्गानेच करून ठेवलेलं असतं. एका कोपऱ्यात खड्डा घेऊन बघा. काळी निघाली तर ती उकरून काढायची, मुरमाचे थर पाणी मारून रोलरने किंवा धुम्मसाने दाबायचे, वर दगडी सोलिंग, म्हणजे दगड रचून भरलेला थर. हा खर्च वाचवून वरचा महाग थर घेणाऱ्यांची मला कीव येते.

आता वरचे पर्याय. काँक्रीटवर अ‍ॅक्रिलिक रंगाचा थर ही सगळ्यांत खरी खेळण्याजोगी जागा. चेंडू सारखा उसळतो, पाय घसरत नाही, झाडून काढली की झालं. पण हा थर खालच्या तळाशी एकजीव असतो, म्हणून काँक्रीटला गेलेला तडा रंगावर उमटतो. त्यासाठी आठ-दहा फुटांवर, स्लॅबच्या जाडीच्या पाव भाग खोल, मुद्दाम सांधे कापून घ्यावे लागतात. तडा गेलाच तर तो त्या रेघेत जातो. शिवाय रंगाआधी काँक्रीट साधारण 28 दिवस पिकू द्यायचं. ओल राहिली तर फोड येतात. त्यातले निदान पहिले सात दिवस पाणी मारायचं, गोणपाट ओलं ठेवायचं. ज्या लातुरात 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यावर हे करायला बसणं शहाणपणाचं नाही. दिवाळीनंतर करा.

पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकच्या जाळीदार टाइल्स एकमेकींत खटक्याने अडकतात. साधारण फूटभराची एक. यांनाही खाली सपाट, कडक तळ हवाच, मातीवर त्या डुगडुगतात. पण तळातल्या बारीक तड्यांची त्यांना फिकीर नसते, पावसाचं पाणी जाळीतून खाली उतरतं, आणि घर बदललं तर उचलून नेता येतात. माझा कल यांच्याकडे आहे आणि कारण अगदी घरगुती आहे: मागच्या अंगणात आपला पाण्याचा हौद, ड्रेनेजचं चेंबर आणि बोअर असतो. बोअरची मोटर काढायची वेळ आली तर टाइल्स उकलून बाजूला ठेवता येतात, अ‍ॅक्रिलिक फोडावं लागतं. झाकणांच्या जागा मात्र आधीच नकाशात खूण करून ठेवा. तोटे दोन. चेंडूचा आवाज जास्त होतो, आणि भिंत सामाईक असल्याने दुपारच्या झोपेवरून शेजाऱ्यांशी वाजू शकतं. दुसरं म्हणजे उन्हाने टाइल्स पसरतात. भिंतीला चिकटवून बसवल्या तर मे महिन्यात मध्येच फुगवटा येतो, म्हणून कडेने फट सोडायला लावा. उन्हाळी वाऱ्याची धूळ खाली साचते, ती अधूनमधून टाइल्स उचलून धुवायची.

टर्फ, म्हणजे कृत्रिम हिरवळ, दिसायला सगळ्यांत गोड. क्रिकेट, फुटबॉल खेळणाऱ्या लहान पोरांना गुडघे फुटत नाहीत. पण बास्केटबॉल त्यावर उसळतच नाही, आणि पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा भर उन्हातलं टर्फ अनवाणी पायाला चटका देतं. पाणी शिंपडलं तर तेवढ्यापुरतं गार, पुन्हा तेच. अंगणात दाट सावली असेल तरच विचार करा.

मुरूम-मातीचं अंगण सगळ्यांत स्वस्त. दहा वर्षांखालच्या मुलांना खो-खो, कबड्डी, लंगडी खेळायला दुसरं काही लागत नाही, पाणीही जमिनीत मुरतं. त्रास घरातल्या बाईला: पावसाळाभर चिखलाची पावलं आणि उन्हाळाभर धूळ.

पर्याय कुठलाही घ्या, उतार घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवा, शंभराला एक. पंधरा-सोळा फुटांत तो दोन इंचांच्या आसपास येतो. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळतो. पक्कं कोर्ट केलं की तेवढं पाणी मुरणं थांबतं, म्हणून उताराच्या शेवटी शोषखड्डा काढा. वर पत्र्याची शेड टाकायचा विचार असेल तर आधी मनपाच्या नगररचना विभागात आणि सोसायटीत विचारून घ्या.

घाई नसेल तर दोन टप्प्यांत करा. मे महिन्यात काळी काढून मुरूम दाबून घ्या आणि एक पावसाळा पोरांना त्यावरच खेळू द्या. पाणी कुठे साचतं, भराव कुठे बसतो ते आपोआप दिसेल. दिवाळीनंतर त्याच तळावर काँक्रीट, मग टाइल्स. तोपर्यंत पोरं संध्याकाळी अंगणात उतरतात की मोबाइल घेऊन आतच बसतात, तेही कळलेलं असेल.