भोवरा चेंबर घ्यायचा की फिल्टर? आधी सर्टिफिकेट नीट वाचा

आमच्या बेळगावात वडगावच्या बाजूला लेआउटचं सगळं पावसाचं पाणी शेवटी बळ्ळारी नाल्यात जातं, आणि नाला फुगला की तेच पाणी गाळासकट शिवारात, भाताच्या पिकात घुसतं. म्हणून नाल्याच्या आधी पाणी साफ करणारं काहीतरी बसवायचं ठरलं आणि दोन कोटेशन आली, एक भोवरा चेंबरचं, एक कार्ट्रिज फिल्टरचं, आणि दोन्ही ब्रोशरवर "८० टक्के गाळ काढतो" असंच छापलेलं.

चेंबर स्वस्त, पाणी गोल फिरवून जड रेती खाली बसवतो, सक्शन गाडी बोलावली की साफ. फिल्टर महाग, तो पाणी कार्ट्रिजमधून, म्हणजे गाळ अडवणाऱ्या नळकांड्यातून, गाळून सोडतो आणि कार्ट्रिज भरली की बदलायची.

पण खरा फरक सर्टिफिकेटात आहे. चेंबरच्या ब्रोशरवर ८०, आणि मागं जोडलेल्या अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्टिफिकेटवर ५० टक्के! न्यू जर्सी असल्या चेंबरना ५० आणि फिल्टरना ८० टक्के धरतं, चेंबरची टेस्ट लॅबमध्ये होते, ठरलेली वाळू ठरलेल्या प्रमाणात (लिटरला २०० मिलिग्रॅम) पाण्यात मिसळून, वेगवेगळ्या प्रवाहांवर. त्यामुळं दोन कंपन्यांची तुलना एकदम सरळ करता येते, हे मला फार आवडलं. फिल्टरच्या कोटेशनला अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्याच्या टेप (TAPE, पावसाचं पाणी साफ करणारी यंत्रं तपासायची तिथली सरकारी पद्धत) पद्धतीचं सर्टिफिकेट होतं. तिथं खऱ्या रस्त्यावर, खऱ्या पावसात नमुने घेतात, येणाऱ्या पाण्यात लिटरला १०० ते २०० मिलिग्रॅम गाळ असेल तर ८० टक्के गाळ निघालाच पाहिजे, आणि १०० पेक्षा कमी असेल तर बाहेर पडणारं पाणी २० मिलिग्रॅमच्या आत हवं. ही दुसरी अट लई महत्त्वाची, कारण खूप घाण पाणी दाखवून टक्केवारी वाढवणं कोणालाही जमतं. त्यातही पायलट, कंडिशनल आणि जनरल अशा तीन पायऱ्या आहेत, कागदावर कुठली लिहिलीय ते बघा, पायलट आणि कंडिशनल म्हणजे चाचणी अजून पूर्ण झालेली नाही, पूर्ण मान्यता फक्त जनरलला.

आता आपली माती. जूनच्या पहिल्या पावसात मी गटारीचं पाणी एका बाटलीत भरून खिडकीत ठेवलं, रेती मिनिटभरात तळाला बसली पण लाल रंग दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा तसाच. ७५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सेकंदाला ४-५ मिलिमीटर खाली जातो, ५ मायक्रॉनच्या कणाला ८ सेंटिमीटर जायला तासभर लागतो, मग काही मिनिटांत पाणी पुढं सोडणारा चेंबर ती लाली कशी धरणार?

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी फाउंड्रीची वाळू, लोखंडाचा कीस असं जड काही असेल तर मी डोळे झाकून चेंबर घेईन. तेल, बारीक लाल माती असेल तर फिल्टरच, पण पाणी फिल्टरात जायच्या आधी रेतीसाठी साधा खड्डा हवाच, नाहीतर कार्ट्रिज एका पावसाळ्यात चोंदते. आणि दोघांनाही विचारा की सेकंदाला किती लिटरपर्यंत पाणी साफ करतो, कारण त्यापुढचं पाणी बायपासनं तसंच नाल्यात जातं, आणि आपल्या जुलैच्या झडीत ते होणारच.

आम्ही खड्डा आणि त्याच्यामागं फिल्टर घेतोय, पाच वर्षांच्या कार्ट्रिजचा दर आत्ताच लिहून मागितलाय.