रायझोबियम की अझोस्पिरिलम?

खानापूरहून भाच्याचा फोन आला, "मामा, सोयाबीनला कुठलं जिवाणू खत लावू?"

आधी मुळाचं बघू. सोयाबीनचं मूळ फ्लेव्होनॉइड नावाचं रसायन सोडतं; रायझोबियम हा जिवाणू त्याला 'नॉड फॅक्टर' या संदेश-रेणूने उत्तर देतो. मूलरोम (मुळावरचा बारीक केस) वळतो, गाठ धरते, हवेतलं नत्र पिकाला मिळू लागतं. किती सुंदर संवाद हा! अझोस्पिरिलम हे दुसरं जिवाणू खत गाठी करत नाही. ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक सोडून बाजूची मुळं आणि मूलरोम वाढवतं.

मेहनत सारखीच: बियाण्याला सावलीत चोळायचं, पाकीट उन्हात ठेवायचं नाही. टिकण्यात मला रायझोबियम सरस वाटतं. ते पुढच्या हंगामापर्यंत जमिनीत तग धरू शकतं.

सोयाबीन, भुईमुगाला रायझोबियम, तेही त्या-त्या पिकाचंच. तुझ्या उसाला आणि मक्याला मात्र अझोस्पिरिलम.