पहिली जुनी लेन्स: हेलिओस की टाकुमार?

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेऊन वर्ष उलटलं, सोबत आलेल्या झूमचा कंटाळा आला, आणि आता एखादी जुनी, हाताने फोकस करायची लेन्स घ्यायची ओढ लागली आहे. कोणती घ्यावी, हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांची गाडी फिरून फिरून दोनच नावांवर थांबते: सोव्हिएत हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) आणि जपानी सुपर-टाकुमार (५५ मिमी, एफ/१.८). मिमी ही लेन्सची फोकल लेंग्थ; एफचा आकडा जितका लहान, तितकं उजेड आत घेणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं. दोन्ही माझ्याकडे बरीच वर्षं आहेत. माझं उत्तर आधीच सांगतो: पहिली लेन्स म्हणून टाकुमार घ्या. हेलिओसवर माझा जीव आहे, तरीही.

त्याआधी तुमचा कॅमेरा कोणता ते बघा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. दोन्ही लेन्स एम४२ माउंटच्या, म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या आट्यांवर फिरवून बसवायच्या. या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी धरलेलं असायचं. हेच अंतर सोनी ई माउंटवर १८ मिमी आहे, फुजी एक्सवर १७.७, कॅनन आरएफवर २० आणि निकॉन झेडवर १६. मधली जागा भरायला एक पोकळ नळी पुरते. अ‍ॅडॅप्टर म्हणतात तो हाच. त्यात काच नाही, वायर नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. कॅननच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर, अंतर ४४ मिमी, तिथेही काम भागतं. निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र ते ४६.५ मिमी आहे. लेन्स सेन्सरपासून गरजेपेक्षा लांब बसते आणि दूरचं काहीच फोकसमध्ये येत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांवरून शहर टिपायला गेलात तर सगळं धूसर. आत काच बसवलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण त्या स्वस्त काचेतून जुन्या लेन्सचा गुणच पुसला जातो.

तेव्हा निकॉन डीएसएलआरवाल्यांनी या दोघींचा नाद सोडावा आणि निकॉनचीच जुनी ५० मिमी एफ/१.८ घ्यावी, एआय किंवा एआय-एस (१९७७ पासूनच्या आवृत्त्या). डी७१००, डी७२००, डी७५० वर तिच्यासोबत कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटरही चालतं. डी३००० आणि डी५००० मालिकेवर लेन्स बसते पण मीटर बंद राहतं. डी७५०० वरही तीच गत. १९७७ च्या आधीची, एआय न केलेली लेन्स मात्र डी७२०० सारख्या बॉडीवर चढवू नका, माउंटच्या कडेची छोटी खिटी मोडते.

आता मूळ जोडीकडे.

हेलिओसचं नाव झालं ते पाठीमागच्या भोवऱ्यामुळे. रचना मुळात कार्ल झाइस येनाच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ ची. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात आणि आणखी काही ठिकाणी ती झेनिट कॅमेऱ्यांसाठी प्रचंड संख्येने बनली, म्हणून आजही सहज मिळते. तो भोवरा मला पहिल्यांदा नीट दिसला पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्षबागेत. डिसेंबर होता, मण्यांची विरळणी चालली होती. एक मावशी हातातल्या बारीक कात्रीने घड मोकळा करत होत्या, माझ्यापासून पावणेदोन मीटरवर. मागे मांडवाची लांबच लांब ओळ आणि पानांतून गळणारं ऊन. एफ/२ वर ठेवून फोटो घेतला तर प्रत्येक कवडसा मध्यभागी गोल आणि कडेकडेला लिंबाच्या फोडीसारखा निमुळता झालेला. सगळ्या फोडी मावशींभोवती फेर धरल्यासारख्या. फोटो त्यांना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "पानं फिरायली का काय?"

असं का होतं? तिरके येणारे किरण लेन्सच्या पुढच्या आणि मागच्या कड्यांना अडतात, त्यामुळे कडेचा गोल ठिपका दोन्ही बाजूंनी कापला जातो. शिवाय या रचनेत फोकसची पातळी सपाट नसते, वाकलेली असते. दोन्ही दोष एकत्र आले की डोळ्याला ते फिरल्यासारखं वाटतं. म्हणून भोवरा हवा असेल तर माणूस दीड-दोन मीटरवर, मागची पानं त्याच्याही मागे पाच-सहा मीटर, आणि पानांत उजेडाचे तुकडे, एवढं जुळावं लागतं. कोऱ्या भिंतीसमोर हेलिओस साधी, जराशी मऊ लेन्स असते. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: भोवरा कडेला असतो. तुमचा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे ३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा असेल तर तीच कड कापली जाते. ५८ मिमी लेन्स तिथे ८७ मिमीसारखी वागते, चेहऱ्यांसाठी छान, पण ज्यासाठी पैसे मोजले त्यातलं बरंचसं चौकटीबाहेर राहतं. फुजी किंवा सोनी ए६००० मालिका वापरणाऱ्यांना मी हेलिओस घ्यायला सांगत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

टाकुमारकडे असा एखादा खेळ नाही. ती काय करते ते मला जुन्या नाशकात तांबट आळीत कळलं. दाराशी ठेवलेल्या तांब्याच्या घागरीवर मठारकाम झालेलं होतं, हातोडीच्या ठोक्यांच्या ओळी नव्या कोऱ्या. एफ/१.८ वर टाकुमारने त्या ठोक्यांवर हलकी झळाळी दिली, धार मात्र शाबूत. एफ/२.८ ला प्रत्येक ठोक्याची कड वेगळी मोजता येत होती, आणि मागचं दुकान शांतपणे विरघळलेलं. तिथेच हेलिओस लावली. दारातून आत येणारा उजेड काचेवर पडला आणि चित्रावर दुधाची साय धरल्यासारखा पडदा आला. हाताने आडोसा केला तेव्हा निम्मा गेला. सुपर-टाकुमारसुद्धा काचेवर चमक रोखणाऱ्या कोटिंगचा एकच थर असलेली आहे, समोरून सूर्य आला की तीही डगमगते, पण इतकी नाही. १९७१ पासूनच्या सुपर-मल्टी-कोटेड टाकुमार याबाबत आणखी पुढे आहेत. पुढच्या कड्यावर तसं नाव दिसलं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. रामकुंडावर पहाटे पूर्वेकडे तोंड करून फोटो काढणार असाल तर हुड, म्हणजे आडवं ऊन अडवणारं कडं, दोघींनाही हवाच. दोन्हींचे पुढचे आटे ४९ मिमीचे, एकच रबरी हुड दोघींना चालतो.

हाताला लागणारा फरक मला चित्रातल्या फरकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. टाकुमारची फोकस रिंग एका बोटाने फिरते आणि सोडाल तिथे थांबते. इतक्या वर्षांत तिच्यात ढिलेपणा आला नाही. हेलिओसच्या बाबतीत ते नशिबावर आहे. आतलं जुनं ग्रीस सुकलेलं असतं आणि नाशिकच्या थंडीत आणखी आवळतं. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत माझी हेलिओस सकाळी सातला फिरवताना लेन्सच अ‍ॅडॅप्टरमधून सुटून येते, रिंग हलत नाही. ऊन वर आलं की सुरळीत. कारागिराकडून ग्रीस बदलून घेता येतं, तो खर्च किमतीत धरा.

एका बाबतीत मात्र हेलिओस मला जास्त आवडते. तिला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एक टकटक करत आकड्यावर बसते, दुसरी न अडखळता पूर्ण उघड्यापासून त्या आकड्यापर्यंत सरकते. उघडं ठेवून फोकस करायचं, रिंग सरकवायची, फोटो घ्यायचा, नजर चित्रावरून हटत नाही. टाकुमारला ऑटो आणि मॅन्युअल असा छोटा खटका आहे. तो मॅन्युअलवर ठेवला नाही तर तुम्ही आकडे फिरवत राहता आणि अ‍ॅपर्चर उघडंच राहतं. हेलिओसच्या नंतरच्या आवृत्त्या, ४४एम-४ पासून पुढच्या, घेताना जपून: त्यांना हा खटकाच नाही. अ‍ॅपर्चर मिटवणारी मागची पिन दाबून धरणारा, आत ओठ असलेला अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागतो.

फोकस जमेल का, ही भीती सगळ्यांना असते. जमतं. पण आकडे माहीत असू द्या. फुल फ्रेमवर, म्हणजे फिल्मएवढ्या सेन्सरवर, एफ/२ ला एक मीटरवरच्या चेहऱ्यात स्पष्ट पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा असतो. डोळा धरला तर कान गेला. पहिले दोन महिने एफ/२.८ किंवा एफ/४ वर राहा. कॅमेऱ्यात 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, फोकस पीकिंग (स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी सोय) लावा, आणि महत्त्वाच्या फोटोला पीकिंगवर विसंबू नका, चित्र मोठं करून डोळ्याची पापणी बघा. बॉडीत हात हलल्याचा धूसरपणा कमी करणारं स्थिरीकरण असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा. ती चुकीची राहिली तर कॅमेरा भलत्याच मापाने सेन्सर हलवतो.

माझ्या मते नाशिकमध्ये या खरेदीचा खरा निकाल लागतो तो बुरशीवर, भोवऱ्यावर नाही.

आपली हवा मुंबईसारखी दमट नाही, पण जुलै ते सप्टेंबर बंद कपाटातली लेन्स सुरक्षित नसते, आणि इगतपुरी-त्र्यंबककडे तर मुळीच नाही. मी एक टाकुमार केवळ फोटो बघून मागवली होती. विकणाऱ्याने "किंचित धूळ" लिहिलं होतं. हातात आल्यावर मागून टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, मध्यापासून कडेपर्यंत. कारागिराने उघडून पुसली, तंतू गेले, पण बुरशीने सोडलेल्या आम्लाने कोटिंग खाल्लं होतं. तंतू होते तिथे पांढुरक्या रेघा तशाच राहिल्या. आजही उजेडासमोर त्या लेन्सने काढलेला फोटो धुरकट येतो. मला त्या लेन्सचं फार वाईट वाटलं. कुणीतरी ती वर्षानुवर्षं चामड्याच्या डब्यात ठेवली असणार. चामडं ओल धरतं. जुनी लेन्स घेतलीत की तो डबा आठवण म्हणून वेगळा ठेवा, लेन्स त्यात परत घालू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत, एवढं पुरतं.

म्हणून लेन्स प्रत्यक्ष बघून घ्या. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून बघा, मग उलट करून बघा. धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत, त्यांच्यासाठी सौदा मोडू नका. तंतू, किंवा सगळीकडे पसरलेली वाफेसारखी झाक दिसली तर परत द्या. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट आहेत का पाहा. हेलिओसला थोडं तेल चालून जातं, तिथे पाती तुम्हीच रिंगेने सरकवता. आटे अ‍ॅडॅप्टरवर बसवूनच बघा.

टाकुमार घेताना एक जास्तीची पारख: पांढऱ्या कागदावर ठेवून आरपार बघा. त्या काळातल्या काही लेन्समध्ये थोरियम असलेली काच वापरली गेली, सात काचांची ५० मिमी एफ/१.४ त्यात सर्वांत प्रसिद्ध, ५५ मिमीच्याही काही आवृत्त्या तशा आहेत. ही काच किंचित किरणोत्सर्गी असते आणि वर्षांनी चहासारखी पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात काळजीचं कारण नाही. ती फोडू-घासू नये आणि भिंग म्हणून डोळ्याला लावू नये, इतकं पाळा. पिवळेपणा अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवल्यावर बराच उतरतो. आपल्या एप्रिलच्या उन्हातही उतरतो, पण खिडकीत ठेवलेली लेन्स ऊन एका बिंदूवर आणून पडदा पेटवू शकते, त्यामुळे मी दिवाच सुचवेन.

दोन्हींपैकी कुठलीच नको, असंही उत्तर असू शकतं. घरात दोन वर्षांचं धावतं मूल असेल, किंवा लग्नाची कामं घेत असाल, तर तुमच्या कंपनीची नवी ऑटोफोकस ५० मिमी एफ/१.८ घ्या. हार घालण्याचा क्षण रिंग फिरवेपर्यंत थांबत नाही. गर्दीत मात्र जुनी लेन्स मागे पडत नाही. २०१५ च्या सिंहस्थात गोदाघाटावर मी टाकुमार एफ/८ वर आणि अंतर ३ मीटरवर ठेवून दिलं होतं. अडीच ते पावणेचार मीटरमधलं सगळं स्पष्ट येत होतं, रिंगेला हात लावायची गरजच नव्हती. पुढच्या पर्वणीचा विचार करून लेन्स शोधत असाल तर हा सराव आत्तापासून रविवार कारंजावर करता येईल.

शोधायला मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जावं, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण आधी घरचं आणि काकांचं कपाट उघडा, गल्लीतल्या बंद पडलेल्या स्टुडिओवाल्यांना विचारा. पेंटॅक्स के१००० निघाला तर त्यावर बहुधा ५० मिमी एफ/२ असते. तिचं माउंट के आहे, एम४२ नाही, अ‍ॅडॅप्टर वेगळा लागतो, पण शिकायला ती टाकुमारच्या फार मागे नाही आणि फुकट आहे. आणि दुकानात एकीकडे रेघा पडलेली टाकुमार, दुसरीकडे स्वच्छ काचेची हेलिओस अशी वेळ आली, तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून हेलिओस उचला.