हुर्राक की जिन? उन्हाळी बैठकीसाठी लिंबाचे पेय निवडताना

एप्रिल-मेच्या संध्याकाळी वीसेक पाहुणे अंगणात जमणार असतील आणि त्यांच्यासाठी लिंबाचे थंडगार मद्यपेय करायचे असेल, तर माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: गोव्याचा हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांचे सौम्य मद्य, किंवा जिन, लिंबू, साखरेचा पाक आणि सोडा यांचे जुने ‘कॉलिन्स’. फेणीचा विचार अनेकांच्या मनात येतो. परंतु तिचा वास इतका उग्र असतो की लिंबू मागे पडते, आणि ज्याने ती कधी चाखलेली नाही अशा पाहुण्यासमोर ती पहिल्याच पेल्यात ठेवणे धाडसाचे ठरते.

हुर्राक आणि फेणी या एकाच घरच्या. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक मिळतो, आणि त्याचे पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. त्यामुळे हुर्राकात मद्यार्काचे प्रमाण साधारण 15 टक्के असते, तर बाटलीबंद फेणी आणि भारतात मिळणारी बहुतेक जिन 42.8 टक्क्यांची असते. हा फरक उन्हाळ्यात फार महत्त्वाचा आहे, कारण तहानलेला माणूस चवीने पीत नाही, घटाघटा पितो. 90 मिलि हुर्राकात शुद्ध मद्यार्क साडेतेरा मिलि भरतो आणि 45 मिलि जिनमध्ये तो 19 मिलिच्या पुढे जातो. म्हणजे हुर्राकाचा पेला मोठा भरूनही सौम्यच राहतो, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या बैठकीत यजमानाच्या जिवाला घोर कमी लागतो.

करण्याच्या दृष्टीनेही हुर्राक सोपा आहे. उंच पेल्यात बर्फ, 90 मिलि हुर्राक, अर्ध्या ते एका कागदी लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालावी व वरून लिम्का ओतावी. मिरचीचा तिखटपणा मद्यार्कात उतरत जातो, म्हणून ती प्रत्येकाच्या पेल्यात वेगळी घालावी. मोठ्या भांड्यात आधीच टाकून ठेवली तर दोन तासांनी ते पेय कोणाच्याच घशाखाली उतरणार नाही. लिम्कात साखर असल्याने पाक लागत नाही.

कॉलिन्सला मापाची शिस्त लागते: 45 मिलि जिन, 30 मिलि लिंबूरस, 15 मिलि पाक आणि 60 मिलि सोडा. मूळ कृती पिवळ्या, जाड सालीच्या लिंबाची आहे. आपले कागदी लिंबू अधिक झणझणीत असल्याने रस 25 मिलिवर आणावा किंवा पाक थोडा वाढवावा. वीस जणांना दोन-दोन पेले धरले तर 750 मिलिच्या तीन बाटल्या आणि किमान एक लिटर रस लागतो. एका लिंबातून जेमतेम 15 ते 20 मिलि रस निघतो, हे लक्षात घेता पन्नास-साठ लिंबे पिळण्याची तयारी हवी, आणि तीही त्याच दिवशी, कारण शिळा रस कडवटतो. जिन, रस आणि पाक एकत्र करून दुपारीच फ्रिजमध्ये ठेवता येतात, सोडा मात्र पेल्यातच घालावा. ही पूर्वतयारीची सोय, तसेच वर्षभर आणि कोणत्याही शहरात मिळण्याची खात्री, या कॉलिन्सच्या खऱ्या जमेच्या बाजू.

हुर्राकाचे तसे नाही. तो मार्च ते मे एवढाच निघतो आणि ताजा असतानाच त्याची लज्जत असते. शिवाय गोव्यातील मद्य परवान्याविना महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, त्यामुळे गाडीच्या डिकीत दोन बाटल्या टाकून पुण्याला आणण्याचा बेत मनातून काढून टाकावा. बैठक हंगामात आणि गोव्यातच असेल तर मी निःशंकपणे हुर्राक निवडेन. मुंबई-पुण्यात किंवा जूननंतर कॉलिन्स.

दोन्हींपैकी काहीही केले तरी लिंबे घरात, सावलीत पिळावीत आणि हात साबणाने धुवावेत. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडले की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे राहतात.