येशूची कबर : पवित्र कबरीचे चर्च की उद्यान-कबर?
जेरुसलेममध्ये एकच मोकळी सकाळ मिळणाऱ्या एका यात्रेकरूने विचारले आहे की, येशूची कबर म्हणून या दोहोंपैकी कोणते स्थळ पाहावे.

परंपरेचे वय पाहिले, तर सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधवलेल्या चर्चचे समर्पण इ.स. ३३५ मध्ये झाले. उद्यान-कबरीला प्रसिद्धी मिळाली ती १८८३ मध्ये ब्रिटिश जनरल गॉर्डन यांनी शेजारची कवटीसारखी टेकडी म्हणजेच गुलगुथा, अर्थात येशूला क्रुसावर दिले ती जागा, असे मानल्यानंतर.

पुरातत्त्वाचा पुरावा मला निर्णायक वाटतो. आज तटबंदीच्या आत असलेली चर्चची जागा त्या काळी नगराबाहेर होती आणि तेथे येशूच्या काळातील, खडकात कोरलेल्या कबरी आहेत. उलट उद्यानातील कबर, पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय यांच्या अभ्यासानुसार, इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातील असल्याने शुभवर्तमानांत (बायबलमधील येशूच्या चरित्रांत) येशूला जिच्यात ठेवले असे म्हटले आहे ती ‘नवी कबर’ ठरू शकत नाही.

गर्दी मात्र चर्चमध्येच अधिक. म्हणून ऐतिहासिक स्थळ शोधणाऱ्याने चर्च निवडावे. निवांत प्रार्थना हवी असणाऱ्याने उद्यानात जावे.