रॉयल कॅनिन मदर अँड बेबीकॅट: चार महिन्यांपर्यंत उत्तम, पुढे नको

ही पिशवी घेण्याआधी पिल्लाचं वय नक्की करा. हे ड्राय फूड १ ते ४ महिन्यांची पिल्लं आणि गाभण किंवा अंगावर पाजणारी मांजर, एवढ्यांसाठीच बनवलेलं आहे. दुकानात मात्र ‘लहान पिल्लू आहे’ एवढं सांगितलं की तीन आठवड्यांच्या पिल्लालाही हेच हातात देतात आणि सात महिन्यांच्या बोक्यालाही.

रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाचं वय कोण सांगणार? त्याचं तोंड उघडून बघा. पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात, त्यामागोमाग सुळे येतात, आणि सहा ते आठ आठवड्यांत दुधाचे सगळे दात आलेले असतात. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. नीट पोसलेलं पिल्लू चार आठवड्यांचं असताना साधारण ४०० ग्रॅम भरतं, आठ आठवड्यांचं असताना ८०० ते ९००. दात नुकतेच टोचू लागलेत आणि वजन ३०० च्या आत आहे, तर ही पिशवी आत्ता घेऊ नका. त्याला मांजरांसाठीची दुधाची पावडर लागते, तीही पोटावर पालथं ठेवून, बाटलीनं. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं.

आता पिशवीबद्दल. प्रोटीन ३४ टक्के, चरबी २५ टक्के. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या आफको या अमेरिकी संस्थेची वाढत्या पिल्लांसाठीची किमान पातळी ओलावा वगळून प्रोटीन ३० टक्के आणि चरबी ९ टक्के अशी आहे, म्हणजे हे खाद्य चरबीत खूपच वर आहे. ते मुद्दाम तसं आहे. या वयाच्या पिल्लाचं पोट अक्रोडाएवढं, आणि भूक किलोमागे दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरींची. थोड्या घासात जास्त ताकद जायची असेल तर ती चरबीतूनच जाते. या खाद्याच्या एका ग्रॅममध्ये चारच्या थोड्या वर किलोकॅलरी बसतात, त्यामुळे ८०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास पुरतं. पिशवीच्या मागे वयानुसार तक्ता आहे. तिथून सुरुवात करा आणि पुढे काट्याचं ऐका. रोज १० ते १५ ग्रॅम वजन वाढायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर नजर ठेवा, दोन दिवस वाढलं नाही तर डॉक्टर.

या खाद्याची खरी किंमत दाण्यात आहे. दाणा अगदी बारीक असतो आणि पाणी पटकन पितो. बहुतेक स्वस्त किटन फूडचा दाणा टणक आणि मोठा असल्यामुळे तो वरून मऊ होतो आणि आत गाठ राहते. पिल्लू ती चघळून बाहेर टाकतं आणि आपण समजतो त्याला चव आवडली नाही.

भिजवायचं असं. चौथ्या आठवड्यात एक भाग दाणे, तीन भाग कोमट पाणी. मनगटावर टाकलं तर गरम लागू नये, इतपतच कोमट. उकळतं पाणी ओतलं तर थायमिनसारखी जीवनसत्त्वं कमी होतात आणि तोंड भाजतं ते वेगळंच. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, मग काट्याच्या चमच्यानं ठेचा. एक दाणा दोन बोटांत दाबून बघा. मध्ये रवाळ लागला तर अजून पाच मिनिटं द्या. लोण्यासारखा पसरला की तयार. पहिले दोन-तीन दिवस पाण्याऐवजी पिल्लांच्या दुधात भिजवलं तर ओळखीच्या वासानं पिल्लू लवकर तोंड लावतं. पाचव्या आठवड्यात पाणी दोन भाग, सहाव्यात एक, सातव्यात नुसता शिंतोडा, आणि आठव्यात कोरडे दाणे, शेजारी पाण्याची उथळ वाटी. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं.

ताटली सपाट हवी. खोल वाटीत पिल्लाचं नाक बुडतं, शिंका येतात आणि मग ते वाटीजवळच येत नाही. पहिल्या आठवड्यात ते ताटलीत चालणार, छाती-पाय भरवणार. कोमट ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करा, कारण ओलं पिल्लू झपाट्यानं गारठतं. भिजवलेलं उरलं तर तासाभरानं फेका. कोकणातल्या दमट हवेत ते त्याहून लवकर आंबतं.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती पातळ शीची. बहुतेक वेळा दोष मात्रेचा असतो: चरबी २५ टक्के आहे हे लक्षात न घेता वाटी भरभरून दिली जाते. आधी दिवसाची मात्रा एक चतुर्थांशानं कमी करून बघा. दुसरं कारण अचानक बदल. जुनं खाद्य सात दिवसांत, दर दोन दिवसांनी पाव-पाव भाग बदलत सोडवा. तिसरं कारण जंत, जे आईच्या दुधातूनच येतात. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि पाठीचा कणा हाताला लागतोय, असं पिल्लू कितीही महागडं खाद्य खाऊन वाढणार नाही. जंताचं औषध वजनानुसार डॉक्टरांकडूनच घ्या. आणि दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू दिवसभर खात नसेल तर रात्र जाऊ देऊ नका, रक्तातली साखर फार लवकर उतरते.

खाद्य महाग आहे, यात वाद नाही. म्हणूनच ते सुटं विकलं जातं: मोठ्या पोत्यातून किलोकिलोच्या प्लास्टिक पिशव्या. ते घेऊ नका. इतकी चरबी असलेला दाणा हवेत राहिला की खवट होतो, आणि सुट्या पिशवीवर ना तारीख ना बॅच. एका पिल्लाला ४०० ग्रॅमची बंद पिशवी दहा दिवस जाते. दोन-तीन पिल्लं असतील तरच २ किलोची परवडते. फोडलेली पिशवी तशीच घट्ट मुडपून डब्यात ठेवा, दाणे डब्यात ओतू नका.

परवडत नसेल तर? कोणत्याही कंपनीचं घ्या, पण मागे ‘संपूर्ण आहार’ आणि वाढीच्या वयासाठी असल्याचं लिहिलेलं हवं. चाटायच्या क्रीमी ट्यूबवर बहुधा ‘पूरक’ लिहिलेलं असतं. तो खाऊ आहे, जेवण नव्हे. ओल्या खाद्याच्या पाऊचवर प्रोटीन फक्त ८ टक्के दिसलं म्हणून नाक मुरडू नका. त्यात ८० टक्के पाणी असेल तर उरलेल्या २० मध्ये ८, म्हणजे ४० टक्के झालं. भिजवलेल्या दाण्यांसोबत पाऊच चांगला चालतो.

दूधपोळी मात्र नाही. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, आणि पोळीत टॉरिन, म्हणजे मांजरांना खाण्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल, नसतं. त्याच्या अभावानं मांजरांचं हृदय सैल पडतं, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. कुत्र्याचं खाद्यही याच कारणासाठी नको. नुसतं उकडलेलं चिकन तर अनेक घरांत प्रेमानं दिलं जातं, पण मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. दोन-तीन महिने तेवढंच मिळालं तर हाडं इतकी ठिसूळ होतात की खुर्चीवरून उडी मारतानाही पाय मोडतो. द्यायचंच असेल तर बिनमिठाचं, बिनहाडाचं, कांदा-लसणाशिवाय, ८०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला १० ग्रॅम.

चार महिने झाले की याच कंपनीच्या ‘किटन’वर या, तेही सात दिवसांत. त्यात चरबी बरीच कमी आहे. बेबीकॅट तसंच चालू ठेवलं तर पिल्लू गुबगुबीत दिसतं आणि सगळे कौतुक करतात, पण फासळ्या बोटांना लागेनाशा झाल्या की ती गुटगुटी नव्हे, लठ्ठपणा. उरलेली पिशवी वाया जात नाही: आवारात व्यालेली मांजर असेल तर पाजत असेपर्यंत तिच्यासमोर ठेवा.